राहिलेलं सावडणं

भुजंगनाना गेले आणि दिल्लीतली एक खुर्ची मोकळी झाली. खुर्चीचं दुःख कुणाला झालं नाही, तिच्यावर डोळा ठेवून बसलेल्यांना तर मुळीच नाही. पण नाना गेल्याचं दुःख झालं. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी धोतर गुडघ्यावर खोचून चिखल तुडवत गावात आलेला पहिला पुढारी तोच होता. त्यानं भाषण केलं नव्हतं. एका पडक्या भिंतीवर बसून तो नुसता रडला होता, आणि लोकांनी ते लक्षात ठेवलं होतं.

पोटनिवडणूक लागली. पक्षानं नानाच्या मुलाला, प्रल्हादरावांना उभं केलं. प्रचाराचा नारळ फुटायच्या आधी नानाच्या अस्थींचे कलश तालुक्यातालुक्यांतून दर्शनाला फिरवायचे आणि शेवटी सगळे नांदेडला गोदावरीत सोडायचे, असं वरच्या लोकांनी ठरवलं. सभेला माणूस येतो न येतो, कलशाला मात्र येतो, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

किल्लारीकडच्या गावांचा कलश चांदपाशाच्या वाट्याला आला. चांदपाशाची काळीपिवळी जीप रोज किल्लारी ते लातूर पळायची. सकाळच्या खेपेला माणसांपेक्षा तिच्यात जेवणाचे डबे जास्त असत. लातुरात तेव्हा शिकवण्यांचं पीक जोरात आलं होतं. भूकंपात घर गेलेल्या माणसानंसुद्धा पोराला डॉक्टर करायचं मनावर घेतलं होतं, आणि एकेका खोलीत चार-चार पोरं दाटीवाटीनं राहून रात्रंदिवस घोकत होती. त्यांच्या आया पहाटे उठून भाकरी थापायच्या, चांदपाशा डबे पोचवायचा, दुपारी रिकामे डबे खडखडत परत यायचे. त्यात एक डबा त्याच्या स्वतःच्या पोरीचा, अर्शीचा असे.

"तुझीच गाडी लागती चांदभाई," पक्षाचा कार्यकर्ता धोंडप्पा त्याला म्हणाला होता. "एक तर तुला समदी वळखतेत. दुसरं म्हंजी तू मुसलमान हायस. कलश तुझ्या गाडीत असला की चार लोकांत बरं दिसतंय."

चांदपाशा हसला. अशा वेळी हसायचं असतं. तोंडावर बोलणारा धोंडप्पा त्यातल्या त्यात परवडला, असं त्यानं मनाशी म्हटलं, तरी दिवसभर ते वाक्य दातात अडकलेल्या सुपारीच्या खांडासारखं टोचत राहिलं.

त्या दिवशी वहिदानं, त्याच्या बायकोनं, जीप आतून-बाहेरून धुतली आणि पुढच्या सीटवर स्वच्छ चादर अंथरली. "बडे लोगां बैठनेवाले हैं. आज गुटखा नको खाव," तिनं बजावलं. त्यानं पुडी खिशातून काढून तिच्या हातावर ठेवली.

लातुरात डबे वाटून झाले. धोंडप्पानं पक्षाच्या कचेरीतून कलश आणला. तांब्याचा, तोंडाला लाल फडकं बांधलेला, वर झेंडूचा भरगच्च हार. तो पुढच्या सीटवर ठेवून त्यानं दोन्ही बाजूंना उशा लावल्या. अर्शी रिकामा डबा द्यायला गल्लीच्या तोंडाशी आली होती. कलश पाहून तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि हळू आवाजात म्हणाली, "अब्बा, आस्ते चलाव."

वाटेतल्या दोन गावांत दर्शन झालं. लोक यायचे, फडकं सोडायचं, ते आत डोकावून हात जोडायचे, फडकं पुन्हा बांधायचं. औशाला धोंडप्पा खाली उतरला. रंगवायला टाकलेला फलक घ्यायचा होता, भोंग्याची गाडी घेऊन यायची होती.

"तू हो म्होरं. कुठं थांबू नको. वाटेत कुणी हात केला तरी शीट अजिबात घेऊ नको. समजलं का?"

"हाव."

मग रस्त्यावर चांदपाशा आणि नाना दोघंच उरले. दोन्हीकडं ज्वारी पिवळी पडून उभी होती. कुठंकुठं काढणी चालू झाली होती, माणसं वाकून ताटं उपटत होती. थंडी ओसरायला आली असली तरी वाऱ्याला अजून धार होती, आणि दारं नसलेल्या जीपमधून तो आरपार जात होता. चांदपाशानं गाडी कधी नव्हे इतकी हळू चालवली. खड्डा आला की तो शेजारी बघून म्हणे, "सांभाळून बसा नाना." त्याला स्वतःचंच हसू आलं, पण बरंही वाटलं. एवढा मोठा माणूस आणि एवढं गप्प पॅसेंजर त्याला कधी मिळालं नव्हतं.

ओढ्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एक हात वर झाला.

आता जीपवाल्याचा पाय हा त्याच्या डोक्याचं ऐकत नाही, रस्त्यावरच्या हाताचं ऐकतो. धोंडप्पाचं बोलणं आठवायच्या आत ब्रेक लागला होता. हात केवळाबाईचा होता. किल्लारीच्या पुढच्या गावची, सटवाजीची बायको, त्याच्या गाडीचं जुनं गिऱ्हाईक. तिच्याजवळ दोरीला बांधलेली पांढरी शेळी होती आणि शेळीचा मागचा पाय वर उचललेला होता.

"मावशी, आज शीट न्हाई घेत मी. नाना हायत गाडीत."

केवळाबाईनं वाकून आत पाहिलं. चपला रस्त्यातच काढल्या आणि हात जोडले. मग चपला हातात घेऊन म्हणाली, "मग काय झालं? नानाला काय मी नवी हाय व्हय? मागं बसते गुमान. भनीकडनं आणून राहिले ही शेळी, पाय मुरगाळला हिचा. हिला उचलून कुठवर चालू?"

चांदपाशानं मागं-पुढं बघितलं. रस्ता रिकामा होता. म्हातारी उन्हात उभी, शेळी लंगडी. त्याच्या तोंडातून "बसा" निघून गेलं.

केवळाबाई मागं डब्यांच्या पिशव्यांत बसली, शेळी पायांत धरून. ओढा ओलांडला. पुढं बैलगाडी आडवी आली म्हणून चांदपाशानं तिच्यावर नजर ठेवली, आणि तेवढ्यात मागून केवळाबाई ओरडली, "हाड! हाड मेले!"

शेळीनं पुढच्या सीटच्या पाठीवर पुढचे दोन्ही पाय टेकवून झेंडूचा हार तोंडात धरला होता. चांदपाशानं हात घातला, शेळीनं मान झटकली. हाराबरोबर कलश आला. सीटच्या कडेवर आपटला, फडकं सुटलं, आणि कलश खाली पायाजवळ आडवा झाला. वारा तर टपलेलाच होता. जीपमधून एक करडा लोट उठला आणि बाहेर ज्वारीवर जाऊन विरला.

चांदपाशानं गाडी थांबवली. शेळी झेंडू खात होती.

"या अल्ला," तो म्हणाला.

केवळाबाई खाली उतरून पुढं आली. कलश उभा केला, आत पाहिलं. "समदं न्हाई गेलं. जड होतं ते ऱ्हायलंय तळाला. हलकी राख तेवढी उडाली." पायाजवळच्या रबरी चटईवर चार-दोन पांढरे तुकडे पडले होते. तिनं ते एकेक करून वेचले, पदराला पुसले आणि कलशात सोडले. चटईवर सांडलेल्या राखेला चांदपाशा हात लावायला गेला, तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं. "ती नको. लोकाचे पाय लागतेत तिथं."

"मावशी, कलश भरून आणला होता मी. आता तळ दिसून राहिला. फडकं सोडलं की समद्यायला दिसंल. मुसलमानानं नानाची राख सांडली म्हनतील. कुणी न्हाई म्हननार की शेळीनं सांडली. इलेक्शनचे दिवस हायत. माझी गाडी जाळतील, मला गावात ऱ्हाऊ देनार न्हाईत. अर्शीचं शिक्षण गेलं, समदं गेलं."

हे काही तो वाढवून बोलत नव्हता. भूकंपाच्या आदल्या हिवाळ्यात, दंगली पेटल्या तेव्हा, लातुरात काय चाललं होतं ते त्यानं पाहिलं होतं. तेव्हा महिनाभर जीप घराबाहेर काढली नव्हती.

केवळाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग कलशाकडं. "गाडी माझ्या वावराकडं घे," ती म्हणाली.

सटवाजी आणि केवळाबाई वावरातच राहत. नव्या गावात त्यांना घर मिळालं होतं, सिमेंटचं, नंबर टाकलेलं. त्यात त्यांनी कडबा भरून ठेवला होता. स्वतः मात्र पत्र्याच्या खोपीत राहायचे. भूकंपाच्या रात्री ते दोघं असेच पिकाच्या राखणीला वावरात होते म्हणून वाचले. घरात नागनाथ होता, त्यांचा एकुलता एक पोरगा, लग्न ठरलेला.

सटवाजी ज्वारी उपटत होता. तळहाताला चिंध्या गुंडाळलेल्या, कंबर वाकलेली ती वाकलेलीच. जीप बांधाला लागलेली पाहून तो पेंढी टाकून आला. केवळाबाईनं त्याला थोडक्यात सगळं सांगितलं. शेळीचं, हाराचं, वाऱ्याचं.

"मग आता?"

"आता काय. चुलीतली राख हाय की आपल्या."

सटवाजी ताडकन म्हणाला, "येडी का खुळी तू? मेलेल्या माणसाच्या कलशात चुलीतली राख घालती? त्याचा लेक तिथं हात जोडून उभा ऱ्हाईल आन् आपल्या चुलीला नमस्कार करील? पाप हाय ते."

"आन् ह्या चांदला गावातनं हाकलतील ते पुन्य हाय व्हय? शेळी माझी हाय."

चांदपाशा बांधावर उकिडवा बसून मातीत काडीनं रेघा ओढत होता. त्याला वाटत होतं, सटवाजी म्हणतो ते खरं आहे. आणि हेही वाटत होतं की केवळाबाईनं त्याचं ऐकू नये.

केवळाबाई खोपीपुढच्या चुलीजवळ बसली. चूल सकाळचीच थंड होती. राख वर काढताना ती नवऱ्याकडं न बघता बोलत होती. "ही काय तुराट्याची राख न्हाई. जुन्या घराचा शेवटचा वासा जाळून राहिले मी पंधरा दिसांपास्नं. ज्याच्याखाली माझा नागू दबला, त्या घराचा." तिनं राख पिठाच्या चाळणीत घेतली. "त्यांनी समद्यायला एका जागी जाळलं. मिलिटरीवाल्यानं राकेल वतलं आन् वासे रचले. तुम्ही तिसऱ्या दिशी सावडायला गेलता, आठवतं का? मोकळ्या हातानं आलता."

"कुणाची कोन्ती कळंना," सटवाजी म्हणाला. "पाऊस पडून राहिला होता. समदा चिखल. काय सावडू?"

"तेच म्हनते मी."

ती राख चाळत राहिली. खडे, कोळसे वर राहिले, खाली मऊ करडी राख पडली. मग तिनं सकाळचं गाईचं दूध वाटीत घेतलं, त्यात पाणी घातलं आणि तिसऱ्या दिवशी स्मशानात शिंपडतात तसं बोटांनी राखेवर शिंपडलं. एकदा, पुन्हा एकदा. तिचे ओठ हलत होते. सटवाजीनं हाताच्या चिंध्या सोडल्या, पण तो जवळ गेला नाही. तोंड फिरवून उभा राहिला.

केवळाबाईनं ओंजळी भरभरून राख कलशात घातली, वर कुंकू वाहिलं. फडकं नीट बांधलं. हाराचं शेळीनं वाटोळं केलं होतं, म्हणून बांधावरची करडईची पिवळी फुलं तोडून तिनं फडक्यात खोचली. कलश चांदपाशाच्या हातात देताना ती म्हणाली, "नाना हाय तळाला. वर माझा नागू हाय. नांदेडला सोडताना त्याचंबी नाव घे. मोठ्यानं नको. मनात घेतलं तरी चालंल."

"घेतो, मावशी," चांदपाशा म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. भीतीनं की आणखी कशानं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

केवळाबाईच्या गावात शाळेपुढं मांडव टाकला होता. सरपंच सिद्रामप्पा भोंग्यावर लोकांना रांगेत येण्याची विनंती करत होता. धोंडप्पानं कलश उतरवून घेताना विचारलं, "हार कुठं हाय?"

"शेळीनं खाल्ला," चांदपाशा म्हणाला. ते खरं होतं, पण धोंडप्पाला थट्टा वाटली.

प्रल्हादराव खुर्चीत बसले होते. तिशीपुढचा माणूस, पांढरे कपडे, दाढी वाढलेली, भाषणाला उभं केलं तर "नमस्कार" म्हणून खाली बसलेला. कलश समोर ठेवला तेव्हा ते खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसले. धोंडप्पानं फडकं सोडलं. प्रल्हादरावांनी दोन बोटांनी राख उचलली आणि कपाळाला लावली. चांदपाशा मांडवाच्या खांबाला टेकून हे बघत होता. सटवाजीचं बोलणं त्याच्या कानात परत घुमलं आणि त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

रांग सुरू झाली. लोक फूल टाकून पुढं सरकत होते. केवळाबाईची पाळी आली. तिनं फूल टाकलं नाही. खाली बसून तिनं कलशाला दोन्ही हात लावले आणि कपाळ टेकलं. मग जे रडणं निघालं ते ऐकून भोंग्यावरचा सिद्रामप्पासुद्धा थांबला. "माझ्या लेकरा," ती म्हणत होती, "माझ्या नागनाथा, तुला पानी पाजलं न्हाई रे मी..."

धोंडप्पानं फोटोवाल्याला खूण केली. नानावर बायाबापड्यांचा किती जीव, हे उद्या पेपरात यायला पाहिजे होतं. पण मागं उभी असलेली सरजाबाई जवळ होती, तिला नाव ऐकू गेलं. सरजाबाईच्या दोन पोरी त्या रात्री गेल्या होत्या. तीही खाली बसली आणि पोरींची नावं घेऊन रडायला लागली. तिच्या मागच्यानं नुसता हात जोडून "आबा" म्हटलं. त्याच्या मागच्यानं बायकोचं नाव घेतलं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. चुलीतल्या राखेचं तर कुणालाच माहीत नव्हतं. पण गावात इतक्या वर्षांत डोकं टेकायला असा एक कलश आलाच नव्हता. रांग पुढं सरकेना. माणसं कलशाभोवती बसत गेली.

धोंडप्पा आधी घड्याळ बघत होता. मग त्यानं टोपी काढली. त्याचा थोरला भाऊ ईश्वरप्पा त्याच ढिगात जळाला होता. त्यांच्यात, लिंगायतांत, माणसाला पुरतात, बसवून, विभूती लावून. भावाला जाळावं लागलं हे धोंडप्पा कधी कुणाशी बोलला नव्हता. आता तो कलशाजवळ वाकला आणि एवढंच म्हणाला, "दादा."

सगळ्यांत शेवटी सटवाजी आला. ज्वारीच्या मातीनं भरलेल्या पायांनी, रांग संपल्यावर. कलशापुढं बसला, बराच वेळ बसला, आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलश नांदेडला न्यायचा होता. प्रल्हादराव धोंडप्पाला म्हणाले, "तुम्ही मागच्या गाडीत बसा. मला नानांसोबत जायचंय." ते चांदपाशाच्या शेजारी कलश मांडीवर घेऊन बसले. लातूर गेलं, अहमदपूर गेलं. मग प्रल्हादराव म्हणाले, "काल लोक नानांचं नाव घेत नव्हते."

चांदपाशानं गिअर बदलला.

"नागनाथ कोण?"

खोटं बोलायला सोपं होतं. म्हातारी वेडी आहे म्हटलं असतं तरी भागलं असतं. चांदपाशाला अर्शी आठवली, वहिदा आठवली, आणि मांडीवर कलश घेऊन बसलेला हा माणूसही कुणाचं तरी लेकरू आहे हे दिसलं. त्यानं गाडी हळू केली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. शीट घेऊ नको म्हटलं असताना घेतलं, इथपासून वाशाच्या राखेपर्यंत.

"गाडी थांबवा," प्रल्हादराव म्हणाले.

ते कलश घेऊन उतरले आणि पाठ करून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मागून येणारी गाडी थांबली. धोंडप्पानं खिडकीतून मुंडी काढून विचारलं, "काय झालं?" प्रल्हादरावांनी हातानं त्याला पुढं जायला सांगितलं. चांदपाशा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. आता जे होईल ते होवो, असं म्हणायला तो मनाला लावत होता, पण मन काही म्हणायला तयार होत नव्हतं.

बऱ्याच वेळानं ते परत येऊन बसले. डोळे लाल होते.

"कुठं सांडली?"

"औशाच्या म्होरं, साहेब. ओढा ओलांडला की. ज्वारीवर गेली उडून."

"अग्नी मी दिला," प्रल्हादराव म्हणाले. "पण सावडायला गेलो तर तिथं मंत्री, झेंडे, कॅमेरे. पुढाऱ्यांनीच कलश भरले. मला हातसुद्धा लावू दिला नाही कुणी. तिथं गर्दीत मी मागं उभा होतो." त्यांनी कलशावर हात फिरवला. "त्या बाईंनी खाली पडलेलं वेचलं, म्हणालात?"

"हाव. एकेक करून. पदराला पुसून."

"मग नानांचं सावडणं तिनंच केलं." नांदेड दिसायला लागल्यावर एवढंच म्हणाले, "धोंडप्पाला सांगू नका. त्याला झेपायचं नाही."

गोदावरीच्या घाटावर गर्दी होती. झेंडे होते, फोटोवाले होते. बाकीच्या तालुक्यांचे कलश पुढाऱ्यांनी एकेक करून पाण्यात सोडले. आपल्या कलशाची वेळ आली तेव्हा प्रल्हादराव गुडघाभर पाण्यात उतरले आणि वळून म्हणाले, "चांदपाशा, या."

चांदपाशा चपला काढून, विजार वर करून उतरला. पाणी गार होतं. प्रल्हादरावांनी कलशाची एक बाजू धरली, दुसरी त्याच्याकडं केली. भटजींनी नाव विचारलं. प्रल्हादरावांनी वडलांचं नाव सांगितलं, मग चांदपाशाकडं बघून म्हणाले, "तुम्ही सांगा."

केवळाबाईनं मनात घे म्हटलं होतं. पण त्याचा आवाज आपोआप बाहेर आला. "नागनाथ सटवाजी," तो म्हणाला. मग सरजाबाईच्या पोरी, मग कुणाचा आबा, कुणाची बायको, काल कलशाजवळ कानावर पडलेली जी जी आठवली ती नावं. काल धोंडप्पा नुसतं "दादा" म्हणाला होता, पण त्याच्या भावाचं नाव चांदपाशाला ठाऊक होतं. "ईश्वरप्पा," तो म्हणाला, तेव्हा पायरीवर उभ्या असलेल्या धोंडप्पानं झटकन मान वर केली. भटजी मंत्र म्हणत राहिले. दोघांनी मिळून कलश तिरपा केला. राख पाण्यावर पसरली, जड होतं ते तळाला गेलं.

तिसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. हिंदू उमेदवार आणि मुसलमान ड्रायव्हर एका कलशाला हात लावून उभे, खाली ऐक्याबद्दल चार ओळी. धोंडप्पा तो पेपर घेऊन स्टँडवर आला. चांदपाशाच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि निघून गेला.

डबे पोचवून परतताना चांदपाशानं जीप सटवाजीच्या बांधाला लावली. ज्वारी निम्मी उपटून झाली होती. दोघं नवरा-बायको पेंढ्या बांधत होती. त्याला बघून केवळाबाई उभी राहिली, पण विचारलं सटवाजीनं.

"सोडली का?"

"सोडली, काका. नांदेडला, गंगेत."

"नाव घेतलं?"

"घेतलं."

"मनात?"

"न्हाई. मोठ्यानं. समद्याच्या म्होरं. त्यांच्या लेकानंच सांगितलं घ्या म्हनून."

"त्याला ठाव हाय?"

"समदं सांगितलं मी."

सटवाजीनं हातातली पेंढी खाली ठेवली. खोपीकडं गेला, दगडावर बसला आणि अंगातली बंडी काढली. फासळ्या मोजता येतील असं ते म्हातारं अंग उन्हात कोरडं दिसत होतं. थंडी असूनही तो मांडी घालून नीट बसला, आणि केवळाबाईला म्हणाला,

"पानी घाल माझ्या डोक्यावर. पोराचं सुतक आज फिटलं."